पाच परसांची माणसं समुद्रावर

तेरखेडा हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर, धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात. वाशी म्हटलं की मुंबईकडच्या पाहुण्याच्या डोळ्यांपुढे खाडीपूल येतो. या वाशीत खाडी नाही. पूल आहेत ते ओढ्यांवर, आणि त्यांच्याखालून पाणी वाहताना बघायचं तर आधी पाऊस पडावा लागतो. इथून अरबी समुद्राकडे नकाशावर सरळ रेघ ओढली तरी ती तीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. आणि रस्ते काही सरळ रेघेत जात नाहीत. ज्या गाडीच्या ड्रायव्हरची सासुरवाडी बार्शीला असते त्या गाडीचे तर नाहीतच.

तरी समुद्र तेरखेड्यात पोचतोच. मोबाईलवरून पोचतो. दिवाळीच्या तोंडावर व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरायला लागतो. तीन बाजूंनी पांढरेशुभ्र कडे, मधे इवलीशी पुळण आणि धुण्याच्या बादलीत नीळ जास्त पडावी तसं पाणी. वर मजकूर : ‘छोटा ग्रुप, स्वतंत्र बोट, सोबत गाईड, एका दिवसात सात पॉइंट, गर्दी नाही.’ खाली मालवणकडचा फोन नंबर. फोटो मोठा करून पाहिला तर पुळणीवर एक गंजकं जहाज आडवं पडलेलं दिसतं. मालवणच्या आसपास असं जहाज नाही. ते आहे ग्रीसमधल्या झाकिंथोस बेटावरच्या नवाजिओ किनाऱ्यावर, आणि १९८० पासून तिथंच रुतलेलं आहे. वरून दरडी कोसळतात म्हणून अलीकडे त्या पुळणीवर उतरायलाच बंदी आहे. म्हणजे जाहिरातीतल्या जागी खुद्द ग्रीसच्या माणसाला पाय ठेवता येत नाही. तेरखेड्याच्या माणसाला तिथं जायचंही नसतं. त्याला हवा असतो पोहण्याजोगा, आडोशाचा, घरच्या बायकामाणसांना संकोच वाटणार नाही असा किनारा. जेवणासकट.

आता भूमध्य समुद्राचा विषय निघालाच आहे, तर या भागानं त्याच्यापुढं बुजून जायचं कारण नाही. तेरखेड्याहून तास-दीड तासावर तेर आहे. जुनं नाव तगर. पहिल्या शतकात कुणा अनामिक माणसानं ग्रीक भाषेत ‘पेरिप्लस’ नावाचं जलप्रवासाचं टिपण लिहून ठेवलं. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं शहर असल्याची नोंद आहे. तिथलं साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात जायची आणि तिथून पुढं जहाजात. १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याच वळणाच्या मूर्ती तेरला आणि भोकरदनला सापडल्या आहेत. तेरची तिथल्याच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठं घडली याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, पण ती आमच्याकडचीच, असं म्हणायला तेरकरांना कुणी अडवलेलं नाही. तसं धरलं तर मराठवाड्याकडची एक बाई इसवी सन ७९ च्या आधीच नेपल्सच्या आखातावर पोचली होती. अंगावर दागिने भरगच्च, कपडे जवळजवळ नाहीत. म्हणजे पेहरावसुद्धा त्या किनाऱ्यावरच्या आजच्या रिवाजाला धरून.

तेव्हा माल जायचा आणि माणसं घरी राहायची. आता माणसं निघतात आणि माल त्यांच्या मांडीवर असतो : धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, दशम्या, पोरांसाठी कुरकुरे आणि गाडी लागणाऱ्यांसाठी लिंबं. टेम्पो ट्रॅव्हलर सतरा सीटची असते. ‘छोटा ग्रुप’ म्हणजे सतरा सीटवर बसतील तेवढे. मांडीवरची पोरं त्यात धरत नाहीत, आणि मांडीवरच्या पोरांचं वय बारा वर्षांपर्यंत जातं.

गाडी संध्याकाळी सुटते. येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगराकडं हात जोडून बार्शी, मग कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज, कोल्हापूर. यातल्या मिरजेपर्यंतच्या वाटेला एक इतिहास आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या नळांत काहीच उरलं नाही तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद असं करत ती लातूरला आली आणि लोकांनी तिला हारतुरे घातले. गावजेवणाला उशिरा आलेल्या मंत्र्याचंही इतकं स्वागत होत नाही. टेम्पो ट्रॅव्हलर त्याच गावांवरून उलट्या दिशेनं जाते. पाणी जिकडून आलं, मंडळी तिकडं चालली आहेत. परतभेट म्हणा.

पंढरपुरात माळकरी मामांसाठी गाडी थांबते. कळसाचं दर्शन घेऊन पाच मिनिटांत येतो म्हणून गेलेले मामा पाऊण तासानं बुक्का लावून परततात आणि गाडीभर बुक्का लावतात. कोल्हापूर पहाटे लागतं. त्या वेळी टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय उघडं असण्याची शक्यता नाही. असतं तर तिथं एका पाहुण्याला भेटता आलं असतं. १९४० च्या दशकात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर जुन्या वस्तू निघाल्या, त्यांत पोसायडनची एक छोटी ब्राँझची मूर्ती होती. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. सह्याद्रीच्या अलीकडं, पंचगंगेच्या काठी, समुद्राचा वास नाही तिथं तो दोन हजार वर्षं मातीत पडून राहिला. धाराशिवच्या माणसाला त्याची अडचण पटकन समजली असती. पण गाडीत सगळे झोपलेले असतात, आणि जो जागा असतो त्याला मिसळीचं दुकान हवं असतं.

राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली करत गाडी मालवण गाठते तेव्हा चारशेहून जास्त किलोमीटर मोडलेले असतात आणि पोरांनी ‘समुद्र आला का’ हे एवढ्यांदा विचारलेलं असतं की खरोखर आल्यावर त्यांना सांगून पटत नाही.

देवबाग म्हणजे तारकर्लीच्या पुढचं जमिनीचं लांबडं टोक. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मधे नारळाच्या बागा आणि घरगुती खोल्या. इथून छोट्या फायबरच्या बोटी सुटतात. बोटवाला हाच गाईड, हाच तिकीट तपासनीस आणि हाच हवामान खातं. निघायची वेळ विचारली तर तो घड्याळाकडे बघत नाही, तिथी विचारतो.

हा हिशेब कोकणात जुना आहे. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानानं निघते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती, आणि त्याच्या सव्वासहा तास मागेपुढे ओहोटी. म्हणजे सकाळी साडेदहा-अकराला वाळूचे दांडे उघडे पडतील, तेव्हाच जायचं. ट्रॅव्हलरमधल्या बी.ए., बी.एस्सी. मंडळींनी यावर ॲप काढून पाहिलं. माळकरी मामांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “एकादशीला सव्वाआठ.” बोटवाल्यानं त्यांच्याकडं पहिल्यांदा आदरानं पाहिलं. आयुष्यभर तिथीवर उपास केलेल्या माणसाला समुद्राचं वेळापत्रक दोन मिनिटांत कळलं, हा त्या सहलीतला वारकरी संप्रदायाचा सर्वांत मोठा विजय.

भूमध्य समुद्रावर हा हिशेब लागत नाही, कारण तिथं बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटीतला फरक वीत-दीड वीत असतो. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी चौदा किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या फटीतून अटलांटिकचं पाणी आत-बाहेर करून करणार किती? म्हणून तिथली पुळण सकाळी जिथं असते तिथंच संध्याकाळी असते. टॉवेल ठेवला तर टॉवेल जागेवर सापडतो. मालवणला उधाणाच्या दिवसांत पाणी दोन मीटरच्या घरात चढतं-उतरतं. इथं टॉवेल ठेवला तर तो पुढच्या गावात चौकशी करून मिळतो.

पाण्याच्या रंगाचंही तसंच. भूमध्य समुद्राला मोठ्या नद्या कमी मिळतात, त्याच्या पाण्यात सूक्ष्म जिवांचं खाद्यही कमी; त्यामुळे पाणी काचेसारखं दिसतं आणि तळातले गोटे मोजता येतात. कोकणच्या समुद्रात सह्याद्रीवरचा सगळा पावसाळा माती घेऊन उतरतो. ज्या पाण्याचा तळ दिसत नाही त्याच पाण्यात बांगडा सापडतो, हा व्यवहार मालवणात कुणालाही विचारावा. फोटोतलं निळं पाणी कुठंय, असं एका पोरानं विचारलं तेव्हा बोटवाला म्हणाला, “निळा व्हया काय मासो व्हयो, ता एकदा ठरवा.” माळकरी मामा सोडून सगळ्यांनी तिथल्या तिथं ठरवलं.

मग लाइफ जॅकेट. इथं तेरखेड्याच्या माणसाचा पहिला मानभंग होतो.

मराठवाड्यात पोहणं विहिरीत शिकतात. पाठीला वाळला भोपळा, पत्र्याचा डबा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधायचं आणि शिकवणाऱ्यानं ढकलून द्यायचं. तक्रार करायला तोंड उघडलं तर पाणी आत जातं, म्हणून तक्रार राहून जाते. आठवडाभरात भोपळा सुटतो, महिन्याभरात पोरगं काठावरून मुटका मारतं, पुढच्या उन्हाळ्यात सूर. विहिरीची खोली फुटांत सांगत नाहीत, परसात सांगतात. माणसाच्या उंचीचं ते माप. ‘पाच परस विहिरीचा तळ काढलाय आपण’ हे वाक्य म्हणणाऱ्याच्या छातीवर पुढं नारिंगी रंगाचं, कुणाच्या तरी कालच्या घामाचा वास असलेलं जॅकेट आवळून बांधतात आणि क्लिप लावणारं पोरगं जेमतेम मिसरूड फुटलेलं असतं.

“मला न्हाई लागत हे,” असं म्हणणारे बोटीत तिघे निघाले. न कुरकुरता जॅकेट घातलं ते फटाक्याच्या कारखान्यातल्या दोघांनी. तेरखेड्याचं नाव महाराष्ट्रभर आहे ते फटाक्यांमुळं, आणि दारूकामातला माणूस नियमाला हसत नाही. बिडी कुठं ओढायची, मोबाईल कुठं ठेवायचा, कुणी किती माल एका खोलीत बाळगायचा, हे सगळं ज्यांनी आयुष्यभर पाळलं आहे, त्यांना ‘जॅकेट घाला’ दोनदा सांगावं लागत नाही. ती चूक करून शहाणं व्हायला माणूस मागं राहतोच असं नाही, हे त्यांना ठाऊक असतं. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. तेव्हापासून बोटवालेही या बाबतीत पाहुण्याचा मान ठेवत नाहीत. तिघांनी निमूट जॅकेट घातली.

बोट निघाली आणि पहिल्या लाटेला सगळे देव आठवून झाले. तुळजाभवानीचं नाव पहिलं, येडेश्वरी दुसरी, आणि मधेच कुणीतरी फोंडा घाटातल्या कुठल्याशा देवळालाही नारळ बोलून ठेवला.

सात पॉइंटांची यादी सगळीकडं साधारण सारखीच. डॉल्फिन, निवतीचे सोनेरी खडक, भोगवे, संगम, सीगल, कुर्ली, सुनामी. डॉल्फिन पॉइंटवर डॉल्फिन असतो, पण त्याला तसं कुणी कळवलेलं नसतं. तो डावीकडं उसळला की सगळी बोट डावीकडं झुकते आणि बोटवाला ओरडतो, “सगळे एका बाजूक जाव नकात!” तेवढ्यात तो उजवीकडं निघतो. मोबाईल बाहेर काढेपर्यंत पाण्यावर फक्त गोल वलय राहतं. त्या वलयाचे फोटो नंतर गावात दाखवले जातात आणि ‘हितं होता’ म्हणून बोट ठेवून सांगितलं जातं. एकाचा मोबाईल निसटता निसटता वाचला, त्यावर बोटवाल्याचं मत स्पष्ट होतं : “मोबाईल पडलो तर पडांदे, माणूस पडाक नको.”

निवतीकडं गेलं की मात्र फोटोतल्यासारखं काहीतरी खरंच दिसतं. पांढरा चुनखडक नाही, तांबूस-पिवळे खडक. उन्हात ते सोन्याचे होतात. त्यांच्या कुशीत लहानशी पुळण, वर निवतीच्या किल्ल्याचा डोंगर, आणि दिवाळीनंतर शांत झालेलं पाणी. मार्सेजवळच्या कालांक किंवा सार्डिनियातल्या काला म्हणतात त्या जागांशी नातं सांगावं अशीच ही जागा. फरक एवढाच की तिथं या नात्याला सरकारी शिक्का लागतो. मार्सेच्या सुजितों या कालांकमध्ये २०२२ पासून उन्हाळ्यात आधी नोंदणी करून दिवसाला फक्त ४०० माणसांना सोडतात, कारण माणसांच्या पायांनी माती झिजून झाडांची मुळं उघडी पडली. सार्डिनियात काला गोलोरित्झेला दिवसाला २५०. तिथंच ला पेलोसा नावाची पुळण आहे. तिथं १५०० माणसं, माणशी साडेतीन युरो आणि टॉवेलखाली चटई सक्तीची, टॉवेलला वाळू चिकटून जाऊ नये म्हणून. बुदेल्ली बेटावरच्या गुलाबी पुळणीवर तर १९९४ पासून पाऊलच ठेवायचं नाही. काप्रीच्या निळ्या गुहेत शिरायचं तोंड मीटरभर उंच, म्हणून छोट्या होडीत आडवं झोपून आत न्यायचं, काही मिनिटं निळाई दाखवायची आणि बाहेर आणायचं. पोहायला मनाई. त्या गुहेच्या तळाशी रोमन काळातले समुद्रदेवाचे पुतळे सापडले, म्हणजे कोल्हापूरच्या पोसायडनचे भाऊबंदच. ते मात्र पाण्यात होते.

निवतीला एवढं काही नव्हतं. बोटवाला म्हणाला, “वीस मिनिटा. खडकाच्या पलीकडं जाव नकात.” बस.

वीस मिनिटं कशी गेली ते पाहण्यासारखं होतं. पहिली पाच जॅकेटवर टी-शर्ट घालायचा की टी-शर्टवर जॅकेट यात गेली. पुढची पाच फोटोत. मग पाच परसवाल्या तिघांनी बोटीच्या कडेवरून मुटका मारला. विहिरीत मुटका मारला की पाणी काठापर्यंत उडतं आणि माणूस तळाकडं जातो. इथं जॅकेट आधीच वर निघालं आणि माणूस त्याच्यात कानापर्यंत अडकून हात पसरून थांबला. एकानं सवयीनं भिंत धरायला हात लांबवला, भिंत नव्हती. विहिरीत चार हात मारले की दुसरी कड येते. समुद्रात कड नसते, पायऱ्या नसतात, मोटेचा दांडा नसतो आणि लाट कुणाची ओळख विचारत नाही. त्यात पाणी तोंडात गेलं. “आरं, लई खारट हाय की!” ही गोष्ट शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली असूनही प्रत्यक्ष कळल्यावर त्यानं ती सगळ्यांना ओरडून सांगितली.

खारेपणाचा फायदाही असतो. मीठ विरघळलेलं पाणी गोड्या पाण्यापेक्षा दोन-अडीच टक्के जड, त्यामुळं माणूस वर राहायला सोपा जातो. भूमध्य समुद्राचं पाणी आपल्यापेक्षाही खारट, तिथं आणखी सोपा. हा सिद्धान्त पुरुषमंडळी एकमेकांना समजावून सांगत होती, तेवढ्यात एक काकू, ज्या सकाळपासून ‘मी फक्त पाय भिजवणार’ असं म्हणत होत्या, पंजाबी ड्रेसवर जॅकेट घालून पाण्यात शिरल्या आणि पाठीवर पडून सावकाश हात मारत खडकापर्यंत जाऊन परत आल्या. केसांचा अंबाडा कोरडा. बोटीत एकदम शांतता.

“काकू, तुमाला पवायला येतंय?”

“न यायला काय? आमच्या म्हायेरची हिर सात परस हाय.”

लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाली होती. ही माहिती काकांना त्या दिवशी निवतीच्या समुद्रात मिळाली. ते पुढचा सगळा वेळ ‘आधी सांगायचं की’ एवढंच म्हणत होते, आणि काकूंचं उत्तर होतं की सासरी येऊन विहिरीत उडी टाकली असती तर लोकांनी वेगळाच अर्थ काढला असता.

त्यानंतरचे पॉइंट पटापट गेले. सीगल पॉइंटला सीगल होते. कुर्ली पॉइंटला कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बिळात होते. सुनामी आयलंड हा कर्लीच्या मुखाजवळचा वाळूचा दांडा. डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तो वर आला असं स्थानिक लोक सांगतात. ओहोटीला उघडा, भरतीला गुडघाभर पाण्यात. जाहिरातीतले ‘गर्दी नाही’ हे शब्द इथं येऊन संपतात. बनाना राइड, बंपर राइड, जेट स्की, घोट्याएवढ्या पाण्यात टाकलेली प्लास्टिकची टेबलं आणि त्यांच्यावर वाफाळती मॅगी. सगळ्या छोट्या ग्रुपांचा मिळून झालेला मोठा ग्रुप. तसा कागदोपत्री मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून जाहीर आहे, पण कागदानं गर्दी थांबत नाही. जगाच्या पाठीवर आडोशाच्या पुळणीची गत एकच होते : आधी तिथं कुणी जात नाही म्हणून लोक जातात, आणि मग लोक जातात म्हणून लोक जातात.

मंडळींचं मन मात्र इथंच सर्वांत जास्त रमलं, हेही खरं सांगायला हवं. निवतीच्या एकांतात काय करायचं ते त्यांना कळेना. इथं ओळखीचं होतं सगळं : जत्रा, भाव करणं, पोरगं हरवणं, सापडणं, भजी.

दुपारी जेवणावर दोन तट पडले. एकीकडं सुरमई, कोंबडी-वडे. दुसरीकडं माळकरी मामा आणि त्यांच्यासाठी केलेली काळ्या वाटाण्याची उसळ. सोलकढीचा रंग बघून मामांनी तीनदा विचारलं की यात ‘तसलं’ काही नाही ना. नाही म्हटल्यावर चार वाट्या प्याले. धपाटे मालवणी घरमालकिणीला एवढे आवडले की तिनं कृती लिहून घेतली आणि बदल्यात कोकमं दिली. तगरचा व्यापार पुन्हा सुरू झाला तो असा.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर याचं काम सुरू केलं. जेट्टीवरून होडी, आत महाराजांच्या हातापायांचे ठसे, समुद्रात उतरलेला तट. गाईड सगळं सांगत होता आणि मंडळी मान डोलावत होती. पण तो दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींपाशी आला आणि ग्रुपचा नूर पालटला. चहूकडं खारं पाणी आणि मधोमध गोडं! आदल्या दिवशी डॉल्फिनकडं पाठ करून मोबाईल शोधणारी माणसं काठावर ओणवी झाली. झरा कुठल्या अंगाला असेल, उन्हाळ्यात पाणी किती खाली जात असेल, गाळ कधी काढला असेल, बांधकाम कोरडं का चुन्यातलं; गाईडला येत नव्हते असे प्रश्न एकामागून एक सुटले. खडा टाकून आवाज ऐकायचा मोह एकाला झाला, पण मामांनी त्याचा हात धरला. पाच परसवाल्यांपैकी एकानं शेवटी गाईडला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “हितं पवायला सोडत न्हाईत का?”

परतीच्या वाटेवर वाळू गाडीत होती. सार्डिनियात किनाऱ्यावरची वाळू, खडे, शिंपले उचलून नेले तर ५०० ते ३००० युरो दंड आहे. विमानतळावर बॅगा उघडून वाळूच्या बाटल्या काढून घेतात. तो कायदा फोंडा घाटात लागू असता तर ही ट्रॅव्हलर कणकवलीतच जप्त झाली असती. पोरांच्या खिशांत वाळू, चपलांत वाळू, धपाट्यांच्या रिकाम्या डब्यात शिंपले, मामांच्या बुक्क्याच्या पुडीत वाळू. सीटच्या सांध्यांत एवढी, की बसलेला माणूस उठला की चरचर आवाज येई. बार्शीच्या अलीकडं ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि मागं वळून सांगितलं, की धुलाईचे पाचशे वेगळे पडतील.

“पाचशे कशाचे?” सात परसवाल्या काकू म्हणाल्या. “वाळू ठिवून घ्या की. वाळूला किती भाव आलाय सध्या.”

“समुद्राची हाय ती, काकू. खारट. सळई गंजती. स्लॅबला चालत न्हाई.”

“मग गिलाव्याला घाला.”

“गिलाव्याला बी न्हाई चालत.”

बार्शी येईपर्यंत तीनशेवर मिटलं.